ओव्हरक्लॉकचा तक्ता छापताना खोलीचं तापमानही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या स्पीडच्या वर चालवलेल्या, प्रोसेसरची तुलना आली होती, व्हिडिओ रेंडरिंगला (एडिट झाल्यावर शेवटची फाइल तयार करायला) कोणता किती फास्ट म्हणून, त्यावर हे पत्र लिहितोय. मराठी पेपरात असल्या विषयाला एवढी जागा मिळाली याचा खरंच आनंद झाला, कारण अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा या पट्ट्यात लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करून घर चालवणारी पोरं गावोगाव आहेत आणि त्यांना ही माहिती आपल्या भाषेत कुठं मिळत नाही. मी स्वतः हेच काम करतो. म्हणूनच काळजी वाटली, कारण पेपरात छापून आलेला तक्ता पोरं मोबाइलवर फोटो काढून सरळ दुकानात नेतात आणि यातला सगळ्यात वरचा द्या म्हणतात, मशीन लाखाच्या वर जाते, बरेचदा हप्त्यावर, आणि मग ऐन सीझनला कळतं की तक्त्यातला स्पीड आपल्या खोलीत येतच नाही.

तक्त्यात प्रत्येक प्रोसेसरपुढे एकच आकडा होता, ओव्हरक्लॉक करून किती वेळात रेंडर झालं. खोलीत एसी होता का, प्रोसेसरवर कूलर कुठला लावला, टेस्ट किती वेळ चालली, वॉट किती खाल्ले, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काहीच न छेडता तोच प्रोसेसर तेच काम किती वेळात करतो, यातलं काहीही नव्हतं. शेवटचा आकडाच नसेल तर ओव्हरक्लॉकने फायदा किती झाला हे वाचणाऱ्याने कसं ठरवायचं?

मी ओव्हरक्लॉकच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. एक काळ असा होता की त्याच्यासारखी दुसरी कमाई नव्हती. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३०० ए घ्या, ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, मदरबोर्डवर बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि बाकी मशीनमधल्या रस्त्याचा, स्पीड ६६ चा १०० केला की तोच ४५० वर पळायचा, म्हणजे सरळ दीडपट, तीन तासांचं काम दोन तासांत. २००७ च्या सुमारास कोअर टू क्वाड क्यू ६६०० आला, २.४ गिगाहर्ट्झचा, तो ३ वर तर लोक हसत हसत न्यायचे. मग जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज आला, आय ७ २६०० के, कागदावर ३.४, बऱ्या कूलरवर ४.५ ला आरामात चालायचा, कागदावरच्या क्लॉकपेक्षा (गिगाहर्ट्झच्या आकड्यापेक्षा) ३२ टक्के वर. २०१७ चा एएमडीचा रायझन ७ १७०० सुद्धा त्याच जातीचा, आठ कोअर (एकाच वेळी वेगवेगळं काम करणारे चिपचे भाग), ६५ वॉट, बॉक्समध्येच कूलर मिळायचा आणि स्वस्तातल्या बी ३५० बोर्डावर ३.८ पर्यंत जायचा. त्या काळात कमी पैशात मोठं काम काढायचं असेल तर ओव्हरक्लॉक शिकणं हा शहाणपणाच होता आणि ज्यांनी शिकून घेतलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण त्यासाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) बसून रात्री घालवाव्या लागायच्या.

पण तेव्हा ते जमायचं कारण कंपनी स्वतःच प्रोसेसरमध्ये भरपूर जागा शिल्लक ठेवायची. आता ती जागा कंपनीच वापरून टाकते. आताचे प्रोसेसर बूस्टच्या नावाखाली स्वतःच स्वतःला ओव्हरक्लॉक करतात, तापमान, करंट, वॉट बघून क्षणाक्षणाला क्लॉक वरखाली करतात. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेला रायझन ९ ७९५० एक्स पूर्ण लोडवर ९५ डिग्रीपर्यंत जाणारच असा बनवलेला आहे, मदरबोर्डच्या सॉकेटमधून २३० वॉटपर्यंत ओढतो. त्याच्या पुढच्याच महिन्यात आलेला इंटेलचा कोअर आय ९ १३९०० के, त्याची टर्बोची, म्हणजे त्याच बूस्टची, मर्यादा २५३ वॉट, आणि बरेच मदरबोर्ड बॉक्समधून काढल्या काढल्या तीही मर्यादा उठवून ठेवतात. म्हणजे तुम्ही काही न करता मशीन आधीच टोकावर उभी असते, त्याच्या पुढं ओव्हरक्लॉक करून हाती काय लागणार ते बघा.

आता हिशोब करून दाखवतो. समजा सगळे कोअर भरले असताना प्रोसेसर ४.९ गिगाहर्ट्झवर चालतो आणि तुम्ही तो ५.२ वर नेला. वाढ झाली ६ टक्के. तीन तासांचा एक्स्पोर्ट असेल आणि तो पूर्णपणे प्रोसेसरवरच अवलंबून असेल, जो सहसा नसतो, तर १८० मिनिटांचे १७० मिनिट होतात. दहा मिनिटं वाचली. पण प्रोसेसर जेवढी पॉवर खातो ती साधारणपणे व्होल्टेजचा वर्ग गुणिले क्लॉक अशी वाढते, आणि हे ६ टक्के मिळवायला व्होल्टेज समजा ८ टक्के चढवावं लागलं तर १.०८ गुणिले १.०८ गुणिले १.०६ करा, १.२४ च्या आसपास येतं, म्हणजे २४ टक्के जास्त गरमी. २०० वॉटवर चालणारा प्रोसेसर २४८ वॉटवर गेला. दहा मिनिटांसाठी.

बिलाचं म्हणाल तर तीन तासांत ४८ वॉटचा फरक म्हणजे जेमतेम पाव युनिटसुद्धा नाही, त्याचं मला काही वाटत नाही. प्रश्न आहे ती गरमी जाणार कुठं. आणि इथंच माझं मुख्य म्हणणं आहे संपादक साहेब, की या असल्या टेस्ट ज्या खोल्यांत होतात तिथं २०-२२ डिग्री तापमान असतं, आणि आपली लग्नसराई असते एप्रिल-मे मध्ये. अकोला, चंद्रपूर, नागपूरला बाहेर ४५ डिग्री असतं, खोलीत कूलर लावूनही दुपारी ३८-४० च्या खाली येत नाही, आणि वर्षातलं सगळ्यात जास्त रेंडरिंग बरोबर याच दोन महिन्यांत असतं. पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, हायलाइट रिसेप्शनच्या आधी पाहिजे, ट्रॅडिशनल व्हिडिओ पूजेच्या आत पाहिजे, मशीन दिवसरात्र रेंडरलाच लावलेली असते.

प्रोसेसरवरचा कूलर कितीही महागाचा असो, हवेचा असो की लिक्विड, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या किती वर तापमान राहील एवढंच ठरवतो. एखादा कूलर २४८ वॉटला प्रोसेसर खोलीच्या ७० डिग्री वर ठेवतो असं धरा. २२ डिग्रीच्या एसी खोलीत ते झाले ९२, इंटेलची मर्यादा १०० ची, सगळं ठीक, तक्त्यात आकडा मस्त आला. तेच मशीन आमच्या ४० डिग्रीच्या खोलीत आणा, हिशोबाने ११० व्हायला पाहिजे, पण तेवढं होतच नाही कारण १०० ला पोचला की प्रोसेसर स्वतःहून क्लॉक खाली आणतो. आणि ओव्हरक्लॉक न केलेला, २०० वॉटवाला? त्याच कूलरवर तो खोलीच्या साधारण ५६ वर राहील, ४० आणि ५६ म्हणजे ९६, मर्यादेच्या आत, पूर्ण क्लॉकवर तासन्‌तास चालत राहतो. म्हणजे मे महिन्यात ओव्हरक्लॉकवाला उतरून उतरून जवळपास साध्याच्याच पातळीवर येतो, वर चढवलेल्या व्होल्टेजमुळे तेवढ्याच क्लॉकला जास्त तापतो म्हणून कधी कधी साध्याच्याही मागे पडतो. तक्त्यात पहिला आलेला प्रोसेसर अकोल्यात तिसरा येऊ शकतो, आणि हे वाचणाऱ्याला कळायचा काही मार्गच नाही.

यात अजून एक गोष्ट, कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षाही गरम असते, ग्राफिक्स कार्ड तिथंच तापत असतं. आणि आमच्याकडे पाण्याचा कूलर खिडकीत असतो, त्याची दमट हवा सरळ कॅबिनेटवर, धूळ ओली होऊन रेडिएटरच्या जाळीत चिकटते, महिन्याभरात हवा जायची बंद. हे कुठल्याच टेस्टमध्ये येत नाही.

टेस्ट किती वेळ चालवली हेही तितकंच महत्त्वाचं. लिक्विड कूलरमधलं पाणी गरम व्हायलाच वेळ लागतो, पहिली काही मिनिटं सगळं छान दिसतं. सिनेबेंच आर २३ या टेस्टच्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणूनच डीफॉल्ट दहा मिनिटांची टेस्ट ठेवली आहे. पण लग्नाच्या तीन तासांच्या व्हिडिओचं एक्स्पोर्ट म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमने २ लाख ७० हजार फ्रेम, तिथं दहा मिनिटांचा आकडा पुरत नाही. आणि सिनेबेंचमध्ये जे रेंडर होतं ते थ्रीडी चित्र आहे, व्हिडिओ एक्स्पोर्ट नाही. थ्रीडीत जेवढे कोअर तेवढे सगळे भरतात. व्हिडिओत फाइल वाचणं, डीकोड करणं (दाबलेलं फुटेज उलगडणं), कलर आणि इफेक्ट लावणं, परत एन्कोड करणं (दाबून लहान करणं), अशी साखळी असते आणि जी कडी सगळ्यात हळू तीच वेळ ठरवते. एक्स २६५ सारखा एन्कोडर फुल एचडीला १६-२४ कोअर पुरते भरतही नाही, फोर केला बऱ्यापैकी भरतो. त्यामुळे सिनेबेंचचा आकडा बघून एडिटिंगची मशीन घेणं चुकीचं आहे असं मी स्पष्ट म्हणतो.

स्टेबल असण्याचाही मुद्दा राहिला. गेम खेळताना व्यवस्थित चालणारा ओव्हरक्लॉक एक्स २६५ लावल्यावर कोसळतो, कारण एक्स २६५ हा एव्हीएक्स २ नावाच्या प्रोसेसरच्या जड सूचना सतत वापरतो आणि प्रोसेसरवर खरा ताण तेव्हा येतो. ८० टक्क्याला एरर आला की परत शून्यापासून, एमपी ४ फाइलचा इंडेक्स बहुतेक वेळा शेवटी लिहिला जातो त्यामुळे अर्धी राहिलेली फाइल उघडतसुद्धा नाही. एरर आला तर निदान कळतं तरी. त्याहून वाईट म्हणजे एरर न येता मध्येच एखाद्या फ्रेममध्ये चौकोन फुटतात, आणि ते मंगलाष्टकांच्या वेळचे निघाले आणि पेनड्राइव्ह पार्टीच्या घरी पोचलेला असला तर त्या माणसाला तुम्ही दहा मिनिटं वाचवली हे काय सांगणार.

प्रोसेसर इतक्या टोकावर चालवण्याचा परिणाम २०२४ मध्ये सगळ्यांनी बघितलाच. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या जनरेशनचे वरचे डेस्कटॉप प्रोसेसर काहीही न छेडतासुद्धा क्रॅश व्हायला लागले, कंपनीने शेवटी मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने आतल्या आत नुकसान होत होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स १२९ नावाचं मायक्रोकोड अपडेट (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोसबरोबर येते) आलं, त्यानंतर अजून आलं, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून द्यावी लागली. ज्यांच्याकडे हे प्रोसेसर आहेत आणि बायोस अपडेट केलेलं नाही त्यांनी हे पत्र वाचल्यावर आधी ते करून घ्यावं, आणि झालेलं नुकसान अपडेटने भरून निघत नाही हेही लक्षात ठेवावं, क्रॅश चालूच राहिले तर वॉरंटीत द्यावा. बाकी ओव्हरक्लॉक करून प्रोसेसर गेला तर इंटेल असो की एएमडी, ते नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि आपल्या तक्त्याखाली ही एक ओळ तरी पाहिजे होती.

लाइटचं तर विचारूच नका. पीसीबरोबर दुकानदार सहसा ६०० व्हीएचा यूपीएस देतो, तो जेमतेम ३६० वॉट झेपतो. एकटा प्रोसेसर २५० खात असेल, वर ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर, हार्डडिस्क, तर लाइट गेल्याक्षणी यूपीएस ओव्हरलोड म्हणून बसतो आणि रेंडर गेलं. उन्हाळ्यात दुपारी लाइट जाणं आमच्याकडे नवीन नाही. वॉट कमी असतील तर निदान मशीन नीट बंद करायला वेळ तरी मिळतो, नाहीतर जनरेटर चालू होईपर्यंत टिकते.

मग रेंडर खरंच लवकर कशाने होतं? लग्नाच्या कामात निम्म्याहून जास्त वेळा उत्तर प्रोसेसरच्या क्लॉकमध्ये नसतंच. २०११ च्या त्या सँडी ब्रिजमध्येच इंटेलने क्विक सिंक दिलं, म्हणजे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या भागात व्हिडिओ एन्कोड-डीकोडसाठी वेगळं सर्किट, आणि एनव्हीडियाने २०१२ पासून ग्राफिक्स कार्डमध्ये एन्कोडसाठी तसंच एनव्हेंक दिलं. आमच्या लाइनमध्ये एडियस हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त चालतं आणि त्याच्या एच २६४ (नेहमीचा व्हिडिओ फॉरमॅट) एक्स्पोर्टमध्ये क्विक सिंक वापरता येतं, हार्डवेअर एन्कोडरची एक टिक लावली की जो फरक पडतो तो ६ टक्के ओव्हरक्लॉकने जन्मात पडणार नाही. पण मी इथली कितीतरी मशीन बघितल्यात ज्यात दुकानदाराने थोडे पैसे वाचतात म्हणून एफवाला प्रोसेसर घातलाय, १२४०० एफ, १३६०० केएफ असे, आणि नावात एफ असलेल्या प्रोसेसरला आतलं ग्राफिक्सच नसतं, म्हणजे क्विक सिंक नाही. गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत नाही. वर त्याच गिऱ्हाइकाला ओव्हरक्लॉकसाठी म्हणून के सिरीज आणि झेड चिपसेटचा महागडा बोर्ड आणि मोठा लिक्विड कूलर विकला जातो. यात पोराचे पैसे जातात आणि त्याला वर्षभर कळतही नाही की टाइमलाइन (क्लिप लावून एडिट करायची पट्टी) अडकते कशाने.

आजकालच्या मिररलेस कॅमेऱ्यातून ४:२:२ १०-बिट एचईव्हीसी, म्हणजे रंगाची माहिती जास्त ठेवून बरंच दाबलेलं, फुटेज येतं, ते डीकोड करणं फार जड. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सला ते अकराव्या जनरेशनपासून हार्डवेअरवर जमतं, एनव्हीडियाच्या कार्डांना २०२५ च्या ५० सिरीजपर्यंत जमत नव्हतं. असं फुटेज असलेल्या प्रोजेक्टमध्ये साधा, आतलं ग्राफिक्स असलेला आय ५ एखाद्या ओव्हरक्लॉक केलेल्या मोठ्या प्रोसेसरपेक्षा टाइमलाइनवर जास्त सुरळीत चालू शकतो. रायझनवाल्यांनी हे बघूनच ग्राफिक्स कार्ड घ्यावं.

प्रोसेसरची तुलना मग करूच नये का, तर करावी. कमी साइजमध्ये जास्त क्वालिटी पाहिजे असेल, यूट्यूबला चढवायचं असेल किंवा जुनी मिनी डीव्ही टेपवरची लग्नं साफ करून जपून ठेवायची असतील तर एक्स २६४, एक्स २६५ स्लो प्रीसेटवर प्रोसेसरनेच करावं लागतं आणि तिथं कोअर जास्त तेवढं चांगलं. नॉइज काढायचे कितीतरी फिल्टर, स्टॅबिलायझेशन, हेही प्रोसेसर खातात. तिथं माझा अनुभव विचाराल तर उलट दिशेला जावं. ७९५० एक्स सारख्या प्रोसेसरला इको मोड (कमी वॉटवर चालवायची सेटिंग) असतो, १०५ वॉटचा लावला की सॉकेटची मर्यादा २३० वरून १४२ वर येते, आणि रेंडरचा स्पीड अगदी थोडासाच कमी होतो, कारण वरचे ते शेवटचे ८८ वॉट शेवटच्या थोड्याशा क्लॉकसाठीच जळत असतात. इंटेलवर पॉवर लिमिट खाली आणली तरी तेच. आमच्या उन्हाळ्यात अशी मशीन सकाळी सहाला जेवढ्या स्पीडने चालते तेवढ्याच स्पीडने दुपारी तीनला चालते, आणि पार्टीला वेळ सांगताना छातीवर हात ठेवून सांगता येते. माझ्या दृष्टीने एडिटरला हाच स्पीड कामाचा.

तर माझी विनंती अशी की पुढच्या वेळी तुलना छापाल तेव्हा तेच मशीन साध्या सेटिंगवर, पॉवर कमी करून आणि ओव्हरक्लॉक करून, तिन्ही आकडे शेजारी शेजारी द्या. खोलीचं तापमान द्या, भिंतीवरच्या मीटरवर किती वॉट लागले ते द्या, आणि निदान तासभराचा एक्स्पोर्ट पूर्ण होऊन फाइल शेवटपर्यंत बघितल्यावरच आकडा धरा. हार्डवेअर एन्कोडरने तेच काम किती वेळात झालं तो एक कॉलम वेगळा ठेवा. आणि शक्य असेल तर ही टेस्ट मे महिन्यात विदर्भात, एसी नसलेल्या खोलीत करा. त्यासाठी लागणारी टाइमलाइन मी द्यायला तयार आहे, गावच्या यात्रेचं आणि शेतातलं माझं स्वतःचं फोर के फुटेज आहे, कोणाच्या घरचं लग्न त्यात नाही, एडियस आणि रिझॉल्व (तेही एडिटिंगचंच सॉफ्टवेअर) दोन्हीत लावून हार्डडिस्कवर पाठवतो. खोलीही देतो, फक्त येताना वॉट मोजायचं मीटर घेऊन या, ते माझ्याकडे नाही.

आपला नियमित वाचक,
एक व्हिडिओ एडिटर, अकोला